सागवानी डेकवर हातोडी

आमच्या ह्यांनी रिटायर झाल्यावर शिडाची बोट घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी आधी पोट धरून हसले आणि मग दोन दिवस वाढताना ताटं आपटली. लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाला बोट कशाला हवी, सांगा बरं! इथे चार महिने पाणी आपणहून घरात येतं. कपाटातल्या साड्यांना बुरशी, गाद्या दमट, भिंतीला ओल. एवढं कमी होतं म्हणून की काय, आता फंडाचे पैसे मोडून आम्ही पाण्यात जाऊन बसणार होतो.

ह्यांची सगळी नोकरी रेल्वेत, डबे तपासायची. मुंबईकडे घाट उतरायच्या आधी गाडी लोणावळ्याला थांबते, तेवढ्या वेळात हातोडी घेऊन एकेक चाक ठोकत जायचं. धड चाक ठण्ण वाजतं, तडा गेलेलं ठप्प. ठण्ण म्हणजे फिट, ठप्प म्हणजे सिक. सिक डबा गाडीतून सोडवून बाजूच्या रुळावर ढकलायचा, मग वरचे साहेब ओरडोत नाहीतर आतले पॅसेंजर शिव्या घालोत. एकदा ऐन मे महिन्यात ह्यांनी खच्चून भरलेली गाडी अशी अडवून धरली होती. एका साहेबांनी खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "जाऊ द्या हो, खाली कर्जतला बघतील." हे म्हणाले, "साहेब, कर्जत घाटाच्या खाली आहे." आणि पुढचं चाक ठोकायला गेले. हा किस्सा मी माहेरी इतक्या वेळा सांगितलाय, की माझा भाऊ हल्ली मी सुरुवात केली की उठून जातो.

मी स्वतः कान्ह्याला झेडपीच्या शाळेत मास्तरीण होते. ह्यांच्या आधी दोन वर्षं रिटायर झाले. मनात म्हटलं होतं, आता दोघं निवांत चहा पिऊ, गप्पा मारू, कधी नव्हे ते भांडू. कसलं काय! मेअखेरीला ह्यांना निरोप मिळाला, हार-तुरे झाले, आणि जूनपासून हा माणूस घरात मुक्यानं वावरायला लागला. मी बोलायची, हे मान हलवायचे. मी विचारायची, हे "हं" म्हणायचे. बिल्डिंगमधल्या लोकांत बसणं सोडलं, टीव्ही सोडला, मुलीचा बंगळुरूहून फोन आला की "आईशी बोल" म्हणून माझ्या हातात द्यायचे. मुलगी म्हणाली, "आई, बाबांना डिप्रेशन असेल." शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "होतं असं, खुर्ची सुटली की." मी सगळ्यांना हो हो म्हटलं. पण खरं सांगते, मला भीती वाटायची. समोर बसून भात कालवणारा हा माणूस आपला राहिलेलाच नाही असं वाटायचं, आणि हे कुणाला सांगायचं तेही कळत नव्हतं.

अशात जानेवारीत हे एकटेच स्कूटर घेऊन पवना धरणाकडे गेले आणि आले ते बोलतच आले. बूट न काढता सोफ्यावर बसले आणि तासभर बोलले. काठावरच्या एका बंगल्याच्या शेडमध्ये शिडाची बोट विकायला होती. जुनी, पण दणकट. खाली फायबर आणि वरचा डेक, म्हणजे आपण चालतो ती वरची जमीन, सगळी अस्सल सागवानी. मालक खंडाळ्याला राहणारे, वय झालेले. आता मुलाकडे परदेशी निघाले होते. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या फिट करून सोडल्या गं," हे म्हणाले, "आपण प्लॅटफॉर्मवरच." त्या एका तासासाठी मी त्या बोटीला मनातून हात जोडले. बाई, बुडव आमचे पैसे, पण ह्यांना असं बोलतं ठेव.

पण मी मास्तरीण पडले. दुसऱ्या दिवशी डोकं ठिकाणावर आलं.

हेही काही आंधळेपणानं उडी मारणारे नव्हते. मोबाइलवर जुन्या बोटींचे व्हिडिओ बघायला लागले, तेही आवाज बंद करून, खाली येणारी अक्षरं वाचत. मला वाटलं, मला त्रास नको म्हणून. कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे धोके लिहून काढले आणि सगळे मला वाचून दाखवले. सागवान दिसायला राजा, पण ते खालच्या फायबरवर स्क्रूनी ठोकलेलं असतं. शेकड्यांनी स्क्रू. प्रत्येक स्क्रूचं भोक म्हणजे पाण्याला आत जायला वाट. दोन फळ्यांच्या मधे काळं रबर भरलेलं असतं, ते वाळून सुटलं की तिथूनही पाणी. आत फायबरच्या दोन थरांमध्ये हलकं लाकूड असतं, ते एकदा भिजलं की कुजतं. वरून पत्ता लागत नाही. शिडाचा खांब नेमका त्याच्यावर उभा. सगळं उचकटून नवीन करायचं तर बोटीच्या किमतीपेक्षा खर्च जास्त.

"झालं तर मग," मी म्हटलं. "कशाला विकतचं दुखणं घ्यायचं?"

"पण सगळ्याच काही कुजलेल्या नसतात," हे म्हणाले. "आणि कुजलंय की नाही हे कसं बघतात माहितीये? हातोडीनं ठोकून! आवाज ऐकून!" असा चेहरा फुलला होता म्हणता! जगानं इतक्या वर्षांनी ह्यांच्या कामाची कदर केली होती. मी काय बोलणार? म्हटलं, चला, बघून तर येऊ.

दुधिवरे खिंडीतून आम्ही पलीकडे उतरलो. बंगल्यावर मालक आले होते, आणि बंगला सांभाळणाऱ्या मावशी होत्या, जवळच्याच ठाकरवाडीतल्या. मालक सरळ माणूस. म्हणाले, "मी तीन वर्षं पाण्यात घातलेली नाही. तुम्ही हवं तसं तपासा, मी काही लपवत नाही." मावशींनी वर चढायला स्टूल आणून दिलं आणि मोठ्या कौतुकानं मला डेक दाखवला.

"ह्ये बगा ताई, कसं लख्ख ठिवलंय. दर बेस्तरवारी घासती. राख आन नारळाची शेंडी. बारा वरसं झाली, एक बेस्तरवार चुकला न्हाई. सायेब म्हणलं हुतं, मावशी, बोट कशी चकाचक दिसाय पायजे."

डेक खरंच चकाचक होता. देवघरातल्या तांब्याच्या ताम्हणासारखा. पण ह्यांचा चेहरा उतरला. खाली बसून त्यांनी फळीवर नख फिरवलं. अंगठ्याएवढी जाड असायची ती फळी घासून घासून भाकरीएवढी पातळ राहिली होती. स्क्रूंच्या डोक्यावर बसवलेल्या लाकडी टिकल्या जागोजाग निघून पडल्या होत्या आणि खालचे स्क्रू उघडे चमकत होते. बारा वर्षं बिचाऱ्या मावशींनी इमानेइतबारे पितळेच्या कळशीसारखी बोट घासली होती. कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं, की सागवान नुसतं पाण्यानं पुसायचं असतं. मला हसू येत होतं आणि त्यांच्या हाताचे घट्टे बघून वाईटही वाटत होतं.

मग ह्यांनी पिशवीतून हातोडी काढली. पाठीमागून सुरुवात केली. टक, टक, टक. स्वच्छ आवाज. हे "फिट" म्हणाले आणि पुढे सरकले. टक, टक. फिट. खांबाच्या अलीकडे हात-दोन हातांवर आले आणि आवाज बदलला. ठप्प. मडकं घेताना टिचकी मारून बघणाऱ्या कुठल्याही बाईला कळेल असा ठप्प. मी ह्यांच्याकडे बघितलं.

"फिट," हे म्हणाले.

ठप्प. "फिट." खांबाच्या बुडाशी, डावीकडे, उजवीकडे, पुढच्या टोकापर्यंत. ठप्प, ठप्प, ठप्प. आणि हे हसऱ्या चेहऱ्यानं, "फिट. हीही फिट. बघ, वरून घासली गेली तरी आतून कशी आहे!"

तोंड उघडायला हवं होतं, पण ते आठ महिन्यांनी असे हसत होते, की माझ्याच्यानं बोलवेना. "येत्या रविवारी टोकन देतो, सुट्टीत नातीला फिरवायचंय," असं मालकांना सांगूनसुद्धा झालं, आणि मी शुंभासारखी उभी.

पुढचे चार दिवस मी घरात नुसती धुमसत होते. पैशांचं जाऊ दे, पैसे काय, गेले तर गेले. पण ज्यानं साहेबांसमोर मान तुकवली नाही, तो माणूस स्वतःच्या हौसेपायी कुजक्या लाकडाला फिट म्हणतो? आणि मे महिन्यात नात येणार. तिला ह्या बोटीत बसवून हे धरणाच्या मध्यावर नेणार, आणि वर शिडाचा खांब त्या भुसभुशीत लाकडावर उभा! इकडे नातीची काळजी, आणि तिकडे, हा कोण माणूस घरात आलाय, ह्याची. मी स्वयंपाकघरातून पाठमोऱ्या ह्यांना टाकून बोलले, भांडी आदळली, "काही लोकांना म्हातारपणी लाज सोडते" असंही म्हटलं. हे शांतपणे कॅलेंडरच्या पानावर पुढची यादी करत होते: शिडाचं कापड, दोर, लाइफ जॅकेट छोट्या मापाचं.

ते छोट्या मापाचं वाचलं आणि माझा बांध फुटला. शनिवारी सकाळी डाळ शिजत ठेवली, ह्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि कागद ओढून घेतला. तेव्हा कुठे त्यांनी वर बघितलं.

"खोटं बोललात तुम्ही," मी म्हटलं. "उभ्या जन्मात पहिल्यांदा सिक गाडी फिट केलीत. तीही नातीसाठी."

"सिक?" हे म्हणाले. "कुठे सिक?"

"आता वेड पांघरू नका! खांबापासून पुढे सगळा डेक ठप्प वाजत होता. मला कळलं, आणि तुम्हाला नाही कळलं?"

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. चोरी पकडली गेल्यावर पडतो तसा नाही. मी पोरांचे चेहरे तीस वर्षं बघितलेत, मला फरक कळतो. ते हळूच म्हणाले, "मला सगळीकडे सारखाच आला आवाज."

मी तिथल्या तिथे खुर्चीत बसले.

खरंच सांगते, कुणी हातात पाटी-पेन्सिल देऊन छडी मारावी असं झालं मला. पहिलीच्या वर्गात कोणतं पोर ऐकत नाही आणि कुणाला ऐकूच येत नाही, हे मी आठवड्याभरात ओळखायची. पाठमोरं असलं की हाकेला ओ देत नाही, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतं, घोळक्यात जात नाही, न कळता मान डोलावतं. अशा पोराला उचलून पहिल्या बाकावर आणायचं आणि आईबापाला कानाच्या डॉक्टरकडे धाडायचं, एवढं मी डोळे मिटून करायची. आणि घरातल्या माणसानं आठ महिने तेच सगळं माझ्यासमोर केलं, तर मी म्हणे, खुर्ची सुटली म्हणून असेल!

ह्यांच्या डोक्यात मात्र भलतंच चाललं होतं. "अगं, मग त्या गाड्या? मी पास केलेल्या?"

मला क्षणभर कळलं नाही. कळलं तेव्हा मी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले आणि तोंडासमोर तोंड नेऊन बोलले. "गुडघा गेल्यापासून शेवटची चार वर्षं तुम्ही ऑफिसात टेबलाच्या कामावर होतात. हातोडी तुमच्या हातात नव्हती. आणि त्याच्या आधी तुम्हाला सगळं ऐकू यायचं. वरच्या मजल्यावरच्या बाईचा मिक्सर लागला तरी चिडायचात तुम्ही. आठवतंय?"

त्यांनी बोटांवर वर्षं मोजली. मग श्वास सोडला. "हो," म्हणाले. "मिक्सर. हल्ली लावत नाही ती."

"लावते," मी म्हटलं. "रोज लावते."

मग सगळं बाहेर आलं. ऑफिसात सगळे ओरडूनच बोलायचे, बाहेर इंजिनं, त्यामुळे ध्यानात आलं नाही. घरी बसल्यावर कळायला लागलं. आधी वाटलं, सर्दी आहे. मग वाटलं, वय आहे. "तुला सांगितलं असतं तर तू मला पहिल्या बाकावर बसवलं असतंस," म्हणाले. मग बोट कशासाठी, विचारलं तर खाली मान घालून म्हणाले, "पाण्यावर कुणी काही विचारत नाही. तिथे सगळेच गप्प."

तोवर डाळ करपली होती. मी रडत होते आणि हसतही होते. लोकांना वाटेल, नवरा बहिरा झाला तर ही बाई हसते काय? अहो, माझा नवरा खोटं बोलला नव्हता! माझा माणूस होता तिथेच होता, फक्त त्याच्यापर्यंत माझा आवाज पोचत नव्हता. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. तळेगावच्या कानाच्या डॉक्टरांचा नंबर मी शाळेपासून तोंडपाठ ठेवलाय. उभ्या उभ्या फोन करून बुधवारची वेळ घेतली.

"आणि बोट?" मी विचारलं.

"रविवारी जाऊ," हे म्हणाले. "मी मारतो, तू सांग. नीट तपासल्याशिवाय नाही म्हणणंही बरोबर नाही."

हे त्यांचं बोलणं ऐकून मला इतकं बरं वाटलं, की मी करपलेली डाळ तशीच वाढली आणि त्यांनी तशीच खाल्ली.

रविवारी पुन्हा स्टुलावरून वर चढलो. ह्यांनी मालकांना आधीच सांगून टाकलं, "मला कानाला कमी येतं. आज ही ऐकणार." आठ महिने जे माझ्यापासून लपवलं, ते परक्या माणसाला एका वाक्यात सांगितलं. मावशी लगेच म्हणाल्या, "मंग काय झालं भाऊ, आमच्या म्हाताऱ्यालाबी न्हाई येत. आमी हातानं सांगतो." आणि खाली शेडच्या खांबाला टेकून बघत बसल्या.

ह्यांनी हातोडी मारली, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "फिट." पुढे. "फिट." मला आधी लाज वाटत होती. आयुष्यभर मी ह्या कामाची नुसती वर्णनं केलेली. पण चार-पाच ठोक्यांत कान बसला. खांबाच्या अलीकडे आलो आणि मी खणखणीत म्हटलं, "सिक!" ह्यांनी खडूनं फुली मारली. "सिक. सिक. ही अर्धी फिट आहे हो, कडेला मारा. नाही, सिक." एका जागी हे म्हणाले, "नक्की?" मी म्हटलं, "मास्तरीण आहे मी, पुन्हा मारा." पुन्हा मारलं. सिक. खांबाभोवती सगळ्या फुल्याच फुल्या झाल्या, पुढच्या टोकापर्यंत.

खालून मावशींचा बारीक आवाज आला, "ताई, माज्या घासण्यानं झालं का ह्ये?"

मालकांनीच उत्तर दिलं. "मावशी, चकाचक ठेवा म्हणून सांगणारा मी. तुम्ही सांगितलं तेवढं केलंत." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही टोकन देऊन गेला असतात तर मला कळलंही नसतं. आणि तुम्ही लहान मुलांना घेऊन जाणार होतात." ते डेकच्या कडेला बसले आणि एकेका फुलीवरून हात फिरवला. त्यांनाही वाईट वाटलं असणार, पण जाताना आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले आणि ह्यांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला.

मला वाटलं होतं, परतीच्या वाटेवर हे पुन्हा गप्प होतील. स्कूटरवर मी मागे, काही कळायला मार्ग नव्हता. खिंडीपाशी त्यांनी गाडी थांबवली, स्टँडवर लावली आणि कठड्यावर माझ्यासमोर बसले. खाली धरणाचं पाणी दिसत होतं.

"वाईट वाटतंय?" मी तोंड नीट हलवून विचारलं.

"नाही गं. सुटल्यासारखं वाटतंय," म्हणाले. आणि मग, "एक काम कर. जूनपासून तू मला काय काय सांगितलंस, ते सगळं सांग. निम्मं मला कळलेलंच नाही. मी आपला हं हं करत होतो."

"सगळं?"

"सगळं. सुरुवातीपासून."

मी पदर खोचला आणि सुरुवात केली. जूनमध्ये वहिनींच्या सुनेनं काय केलं, मुलीनं घर बदललं ते का, माझ्या भावाचा साखरेचा रिपोर्ट, नातीच्या पुढच्या दाताची गोष्ट, मी त्यांना दिलेल्या शिव्यासुद्धा जिथल्या तिथे. माझ्या ओठांवरून त्यांनी नजर हलवली नाही. मधेच हसत होते, मधेच "हे मला का नाही सांगितलंस?" म्हणून चिडत होते. ऊन उतरलं, धरणावर आलेल्या गाड्या एकेक करून परत गेल्या, घसा बसला माझा, आणि मी अजून गणपतीपर्यंतच पोचले होते.